परसातील कोठार : विकत घ्यावे की बांधावे?

वऱ्हाडातील शेतकरी कुटुंबाच्या वर्षाचा हिशेब दसऱ्यापासून होळीपर्यंतच्या काळात ठरतो. सोयाबीन मळून घरी येते, पाठोपाठ कापसाची वेचणी सुरू होते, माघ-फाल्गुनात तूर व हरभरा येतो. आलेला माल त्याच आठवड्यात बाजार समितीच्या आवारात न्यावा, की चार महिने राखून ठेवावा, हा प्रश्न दरवर्षी उभा राहतो. त्यासोबतच दुसराही प्रश्न येतो. माल ठेवावयाचा तर कोठे? घराच्या मागे परसात एखादी पक्की खोली बांधावी, लोखंडी सांगाड्याचे तयार शेड आणून उभे करावे, धातूच्या कोठ्या विकत घ्याव्यात, की यांपैकी काहीही न करता गोदामाचा आश्रय घ्यावा?

हा निर्णय बहुधा शेजाऱ्याने काय केले हे पाहून घेतला जातो. वास्तविक त्यात कुटुंबाची दीड-दोन वर्षांची बचत गुंतलेली असते. कोठार चुकले तर पैसा जातो आणि आत ठेवलेले धान्यही जाते. अमरावती व अकोला या जिल्ह्यांची माती, हवामान व पिके लक्षात घेऊन हा निर्णय कसा करावा, याचा विचार या लेखात केला आहे.

पेव, ढोली आणि कोठी

साठवणीची विद्या वऱ्हाडाला नवी नाही. ज्वारी हे या प्रदेशाचे मुख्य अन्न होते, तेव्हा गावोगावी जमिनीत पेवे असत. पेवासाठी जागा निवडली जाई ती गावठाणातील पांढऱ्या मातीची. वावरातील काळ्या मातीत पेव कोणी खोदीत नसे. खड्ड्याच्या तळाला व कडेला कडबा किंवा कुटार यांचा थर देऊन त्यात ज्वारी भरीत आणि तोंड मातीने लिंपून बंद करीत. घरात वापरण्यासाठी बांबूच्या किंवा तुराट्यांच्या विणलेल्या, शेणामातीने सारवलेल्या ढोल्या असत.

पेवातील ज्वारी टिकत असे, त्यामागे शास्त्र होते. बंद जागेतील धान्य व त्यातील किडी श्वसन करतात, त्यामुळे आतील प्राणवायू कमी होतो व कर्बवायू वाढतो. प्राणवायू संपत आला की किडींची वाढ थांबते व त्या मरतात. आज बाजारात मिळणाऱ्या हवाबंद पिशव्या याच तत्त्वावर चालतात. पेवाचे दोषही लहान नव्हते. ओल झिरपली की कडेचे धान्य काळे पडे, आणि पेव उघडताच आत उतरलेला माणूस कोंडलेल्या वायूने गुदमरून दगावण्याचा धोका असे. म्हणून पेव उघडल्यावर बराच वेळ मोकळे ठेवण्याचा दंडक होता. बंद टाकी किंवा मोठी कोठी साफ करण्यासाठी आत उतरणाऱ्यांनी तो आजही पाळला पाहिजे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे चित्र पालटू लागले. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात हिंदुस्थानातील कापसाला मागणी वाढली आणि त्याच दशकात वऱ्हाडात रेल्वे आली. कापूस हे रोख पैशाचे पीक झाले. १८८६ साली कारंजा येथे नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला, आणि १८९७ साली वऱ्हाडातील कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. माल घरात राखण्याऐवजी बाजारात नेण्याची रीत दृढ झाली. पुढे ज्वारीचे क्षेत्र घटले, सोयाबीन आले, आणि पेवाची विद्या जाणणारी पिढी मागे पडली. केंद्र शासनाच्या ‘धान्य वाचवा’ मोहिमेतून धातूच्या कोठ्यांचा प्रसार झाला, तो कुटुंबाच्या खाण्यापुरत्या धान्यासाठी. विक्रीच्या मालाच्या साठवणीचा प्रश्न मात्र प्रत्येक कुटुंबापुढे मोकळाच राहिला.

प्रथम ठरवावे : काय, किती आणि किती दिवस

कोठाराचा विचार भिंतींपासून सुरू करू नये, तो मालापासून सुरू करावा. परसात ठेवावयाच्या वस्तूंचे पाच वर्ग पडतात, आणि प्रत्येकाची गरज वेगळी असते.

पहिला वर्ग कुटुंबाच्या खाण्याच्या धान्याचा. माणशी महिन्याला सुमारे १० किलो धान्य धरले, तर पाच माणसांच्या कुटुंबाला वर्षाला ६ क्विंटल धान्य लागते. एक मीटर व्यासाच्या व १.३ मीटर उंचीच्या गोल कोठीत सुमारे साडेसात क्विंटल गहू मावतो. याचा अर्थ, वर्षभराच्या पोटापाण्यासाठी एक कोठी व डाळींसाठी एक-दोन लहान पिंपे पुरेशी होतात. त्यासाठी खोली बांधण्याचे कारण नाही.

दुसरा वर्ग घरच्या बियाण्याचा. अमरावती व अकोला जिल्ह्यांत हे बियाणे प्रामुख्याने सोयाबीनचे असते. सोयाबीनचे टरफल पातळ व अंकुर नाजूक असतो. पोते आपटले, थरावर थर रचले, किंवा उन्हाळ्यात तापलेल्या पत्र्याखाली ठेवले, तर दाणा वरून चांगला दिसतो, पण उगवत नाही. २०२० च्या खरिपात विदर्भ व मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी मोठ्या प्रमाणावर आल्या होत्या, हे अनेकांना स्मरत असेल. बियाण्याच्या पोत्यांचे पाचपेक्षा अधिक थर रचू नयेत. त्यांना घरातील सर्वांत थंड, कोरडी व हवेशीर जागा द्यावी.

तिसरा वर्ग विक्रीसाठी राखलेल्या सोयाबीन, तूर व हरभरा यांचा. जागेचा व खर्चाचा खरा प्रश्न येथेच उद्भवतो.

चौथा वर्ग कापसाचा. कापूस वजनाला हलका व जागेला भारी असतो, त्यामुळे त्यासाठी लागणारी जागा धान्याच्या कितीतरी पट असते. भाववाढीच्या आशेने राहत्या घराच्या खोल्या कापसाने भरल्या जातात, तेव्हा माणसे ओसरीवर झोपतात, अंगाला खाज सुटते, आणि एका ठिणगीने सर्वस्व जाण्याची भीती राहते. आणखी एक धोका आहे. गुलाबी बोंडअळीच्या अळ्या सरकीत व न फुटलेल्या बोंडांत सुप्तावस्थेत राहतात. २०१७ साली विदर्भात या अळीने मोठे नुकसान केले. उन्हाळ्यापर्यंत साठवलेला कापूस आणि परसात इंधनासाठी रचलेली पऱ्हाटी ही तिची आश्रयस्थाने होत. म्हणून कापसासाठी परसात कायमचे कोठार बांधणे शहाणपणाचे नाही. तो शक्य तितक्या लवकर विकावा, आणि ठेवावा लागलाच तर साठवणीच्या जागी कामगंध सापळे लावावेत. पऱ्हाटी परसात रचून ठेवू नये. तिचा बारीक भुगा करून खतात उपयोग करावा.

पाचवा वर्ग वखर, डवरे, तिफण, पंप, पाइप, खते, औषधे, ढेप व कुटार यांचा. यांची एकत्र साठवण ही आपल्याकडील सर्वांत धोकादायक सवय आहे. तिच्याविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहिले आहे.

जागेचे गणित

विक्रीचा माल ५० क्विंटल आहे असे समजू. ५० किलोची १०० पोती झाली. आडव्या पोत्याला सुमारे ३ फूट बाय २ फूट, म्हणजे ६ चौरस फूट जागा लागते. सात थर रचले तर एका थरात १५ पोती, म्हणजे ९० चौरस फूट; ९ बाय १० फुटांची थप्पी झाली. थप्पी भिंतीला टेकवता कामा नये. तपासणीसाठी, झाडण्यासाठी व हवेसाठी चारही बाजूंनी २ फूट मोकळे सोडले, तर खोलीचे माप १३ बाय १४ फूट, म्हणजे १८२ चौरस फूट होते. निम्मी जागा मालाची व निम्मी मोकळी, असा हा ढोबळ हिशेब आहे. मोकळी जागा वाया जाते असे वाटून थप्पी भिंतीला लावली जाते, आणि पावसाळ्यात पहिली ओल त्याच बाजूने पोत्यांत शिरते.

तयार शेड : गुण आणि दोष

लोखंडी नळ्यांचा सांगाडा व पन्हळी पत्रे यांचे तयार शेड थोड्या दिवसांत उभे राहते, पुढे हलवता येते व गरज संपल्यास विकताही येते. जमीन वाटणीची असेल किंवा घर बांधण्याचा विचार पुढे असेल, तर ही मोठीच सोय आहे. अवजारे, पंप व पाइप यांच्यासाठी असे शेड उत्तम होय.

धान्यासाठी मात्र त्याचे दोष जाणून घेतले पाहिजेत. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि पत्र्याखालची हवा त्याहूनही तापते. पावसाळ्यात व हिवाळ्यात रात्री पत्रा लवकर थंड होतो, आतील दमट हवेचे पाणी पत्र्याच्या आतल्या बाजूला सुटते आणि वरच्या पोत्यांवर ठिबकते. पत्रा व जमीन यांच्यातील फटीतून उंदीर शिरतात. सांगाडा जमिनीत नीट जखडलेला नसेल, तर मृगाच्या आधीच्या वादळात पत्रे उडून जातात. खारपाणपट्ट्यातील खारट जमिनीत लोखंडाचे पाय लवकर गंजतात.

तयार शेड घ्यावयाचेच असेल, तर चार गोष्टींची खात्री करावी. पायाचे खांब काँक्रीटमध्ये जखडलेले असावेत. जमीन भोवतालच्या जागेपेक्षा किमान अडीच फूट उंच जोत्यावर असावी. पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्यांचा किंवा तत्सम आडोशाचा दुसरा थर असावा. वरच्या बाजूला जाळी लावलेली झरोक्यांची सोय असावी. या चारही गोष्टींचा खर्च विक्रेत्याच्या दरपत्रकात बहुधा नसतो. तो मिळवल्यावरच तयार शेड स्वस्त आहे की महाग, हे कळते.

पक्के बांधकाम : काळ्या मातीची परीक्षा

विटांच्या भिंतींची खोली उष्णता कमी आत येऊ देते, उंदरांना आवरते व दीर्घकाळ टिकते. परंतु पूर्णेच्या खोऱ्यात बांधकामापुढे दोन अडचणी उभ्या असतात : काळी माती आणि खारे पाणी.

काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. वैशाखात वावरात पडणाऱ्या भेगा हे त्या आकसण्याचे दृश्य रूप होय. उथळ पायावर बांधलेली खोली दोन-तीन वर्षांत कोपऱ्यांतून तडकते, दाराची चौकट अडकू लागते, फरशी उचलली जाते. मग त्या भेगांतून ओल, मुंग्या व उंदीर आत येतात. यासाठी पाया काळा थर ओलांडून मुरमापर्यंत न्यावा. काळा थर फार खोल असेल, तर अशा मातीसाठी वापरतात तो तळाशी रुंद फुगवट्याचा खांबांचा पाया घालावा. त्यासाठी अभियंत्याचा सल्ला आवश्यक आहे. जोत्याच्या आतील काळी माती काढून तेथे मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत, पाणी मारून व धुम्मस करून भरावा. जोत्याच्या पातळीवर लोखंडी सळ्यांचा काँक्रीटचा पट्टा चारही भिंतींवरून फिरवावा. खोलीभोवती फरसबंदी करून पावसाचे पाणी पायाकडे येणार नाही, अशी नाली काढावी. गावठाणात पांढऱ्या मातीची जागा उपलब्ध असेल, तर हा खर्च बराच कमी होतो. जुन्या लोकांनी पेवासाठी तीच जागा निवडली होती.

दुसरी अडचण पाण्याची. अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतून जाणाऱ्या खारपाणपट्ट्यातील विहिरींचे पाणी काँक्रीट कालविण्यास वापरले, तर आतील सळ्या गंजतात, फुगतात व काँक्रीट सोलून टाकतात. दोष लगेच दिसत नाही, काही वर्षांनी दिसतो. म्हणून या पट्ट्यात बांधकाम करताना गोड पाण्याची व्यवस्था आधी करावी आणि त्याचा खर्च अंदाजपत्रकात धरावा.

बांधणीचे इतर नियम सोपे आहेत. खोलीची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे ऊन लांब भिंतींवर येत नाही. जोते उंच घ्यावे व पायरी शक्यतो काढता-घालता येईल अशी ठेवावी. फरशीखाली जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरून ओल रोखावी. दार घट्ट बसणारे असावे व त्याच्या खालच्या भागाला पत्रा ठोकावा. झरोक्यांना बारीक जाळी लावावी. छपराची पाखे भिंतीच्या बाहेर दोन-अडीच फूट काढावीत. पोती फरशीवर न ठेवता लाकडी पाटांवर किंवा बांबूच्या तट्ट्यांवर ठेवावीत. गावठाणात बांधकाम करण्यापूर्वी महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ नुसार ग्रामपंचायतीची परवानगी घेण्यास विसरू नये.

खर्चाचा हिशेब

कोठाराचा खर्च म्हणजे गवंड्याला व दुकानदाराला दिलेली रक्कम, असा समज आहे. वस्तुतः खर्च दरवर्षी होत असतो. पुढील आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालून हेच गणित करावे.

समजा, खोलीला २,००,००० रुपये लागले. दरसाल ९ टक्के दराने त्यावरील व्याज १८,००० रुपये. खोली २० वर्षे टिकेल असे धरल्यास वार्षिक झीज १०,००० रुपये. डागडुजी व स्वच्छता ४,००० रुपये. एकूण वार्षिक खर्च ३२,००० रुपये. त्यात ५० क्विंटल सोयाबीन ठेवले, तर क्विंटलला ६४० रुपये खर्च पडला. सोयाबीनचा भाव ४,५०० रुपये धरला, तर चार महिने अडकलेल्या रकमेचे व्याज १३५ रुपये. वजनातील २ टक्के घट ९० रुपये. तेव्हा भाव क्विंटलमागे ८६५ रुपयांनी वाढला, तर केवळ बरोबरी होते. त्याहून अधिक वाढ झाली, तरच लाभ.

हीच खोली वर्षभर अवजारांसाठी व अन्य उपयोगासाठी वापरली आणि निम्मा खर्च त्या उपयोगावर टाकला, तर मालावरील बोजा ६४० ऐवजी ३२० रुपये होतो व बरोबरीची वाढ ५४५ रुपयांवर येते. उलट, माल गोदामात ठेवला, महिन्याला क्विंटलमागे १२ रुपये भाडे व ने-आण, हमालीचे ८० रुपये धरले, तर चार महिन्यांचे १२८ रुपये होतात. व्याज व घट मिळवून ३५३ रुपयांच्या वाढीला बरोबरी साधते. ५० क्विंटलच्या मालासाठी स्वतंत्र पक्की खोली परवडत नाही, असा या उदाहरणाचा निष्कर्ष निघतो. माल जितका अधिक व खोलीचा वापर जितका जास्त महिने, तितका निष्कर्ष बांधकामाच्या बाजूने झुकेल.

भाव वाढेलच, हेही गृहीत धरता येत नाही. २०२१ च्या उन्हाळ्यानंतर सोयाबीनचे भाव चढले आणि राखून ठेवणाऱ्यांना लाभ झाला. परंतु २०२२ मधील कापसाचे चढे भाव पाहून ज्यांनी २०२२-२३ च्या हंगामात कापूस घरात दाबून ठेवला, त्यांपैकी अनेकांना शेवटी उतरत्या भावाने विकावा लागला. २०१६-१७ साली तुरीचे अमाप पीक आले, भाव ५,०५० रुपयांच्या हमी दराखाली गेले आणि खरेदी केंद्रांवर बारदान अपुरे पडले. कोठार मालकाला थांबण्याची शक्ती देते, भावाची हमी मात्र देत नाही. आदल्या वर्षीच्या भावाकडे पाहून पुढील वीस वर्षांचे बांधकाम करू नये.

तिसरा मार्ग : गोदाम व तारण

शेतकरी सुगीत माल विकतो, तो बहुधा जागा नसल्यामुळे नव्हे. उधारी चुकवायची असते, लग्न असते, शाळा-महाविद्यालयाची फी असते. पैशाची नड असताना परसातील कोठार रिकामेच राहते. ही नड भागविण्यासाठी तारण कर्ज हा मार्ग आहे. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळ १९९०-९१ पासून बाजार समित्यांमार्फत शेतमाल तारण कर्ज योजना राबवीत आले आहे. तीत सोयाबीन, तूर, हरभरा आदी मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी ६ टक्के व्याजाने मिळते.

महाराष्ट्र राज्य वखार महामंडळ १९५७ पासून कार्यरत आहे. वखार विकास व नियमन अधिनियम २००७ मध्ये झाला, आणि २०१७ पासून नोंदणीकृत गोदामातील मालाची पावती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळू लागली. ही पावती तारण ठेवून बँकेकडून कर्ज घेता येते. मालाची तपासणी, वजन व कीड नियंत्रण यांची जबाबदारी गोदामचालकावर असते.

सामूहिक कोठाराचा मार्गही आता खुला झाला आहे. २०१८ साली सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात अमरावती व अकोला हे दोन्ही जिल्हे समाविष्ट होते आणि त्यातून शेतकरी गटांच्या व कंपन्यांच्या गोदामांना साहाय्य मिळाले. २०२० च्या कृषी पायाभूत सुविधा निधीतून २ कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जावर सात वर्षांपर्यंत ३ टक्के व्याज सवलतीची तरतूद करण्यात आली. सहकारी क्षेत्रातील धान्य साठवण योजनेच्या प्रायोगिक टप्प्यात देशातील अकरा प्राथमिक संस्थांची गोदामे २४ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाली. त्यांत महाराष्ट्रातून अमरावती जिल्ह्यातील नेरपिंगळाई येथील विविध कार्यकारी सहकारी संस्थेचे ३,००० टन क्षमतेचे गोदाम आहे. या अकरा गोदामांच्या ९,७५० टन एकूण क्षमतेपैकी सर्वांत मोठा वाटा याच गोदामाचा होता, ही वऱ्हाडाला अभिमान वाटावी अशी गोष्ट होय.

ओलावा, कीड आणि विष

कोठार कोणतेही असो, आत जाणारा दाणा ओला असेल तर ते निरुपयोगी ठरते. खाण्याचे तृणधान्य १२ टक्क्यांपर्यंत व कडधान्य त्याहूनही कमी ओलाव्यावर आणूनच भरावे. ओलावामापक नसल्यास एक सोपी परीक्षा आहे. कोरड्या काचेच्या बाटलीत कोरडे मीठ व धान्य घेऊन काही मिनिटे हलवावे. मीठ बाटलीला चिकटले तर दाणा साठवणीस योग्य नाही. वाळवलेले धान्य गरम असताना कोठीत भरू नये, ते थंड होऊ द्यावे. धातूची कोठी उन्हात किंवा भिंतीला लावून ठेवू नये. तुरी-हरभऱ्यातील भुंगेऱ्याची लागण वावरातच होते, म्हणून घरची तूर लवकर भरडून डाळ करून ठेवणे हा उत्तम उपाय होय.

आता विषाविषयी. धान्यात टाकण्याच्या फॉस्फाइडच्या गोळ्या हवेतील ओलाव्याने प्राणघातक वायू सोडतात. हा वायू दाराखालच्या फटीतून शेजारच्या खोलीत झोपलेल्या मुलांपर्यंत पोहोचू शकतो. या गोळ्यांचा वापर केवळ शासकीय यंत्रणा व प्रशिक्षित कीडनियंत्रक यांच्यापुरता मर्यादित आहे. राहत्या घरात किंवा घराला लागून असलेल्या कोठारात त्या कधीही वापरू नयेत. घरगुती साठ्यासाठी वाळवणे, चाळणे व हवाबंद कोठी हेच उपाय पुरेसे आहेत.

कीटकनाशके, तणनाशके व खते धान्याच्या खोलीत ठेवणे हा गंभीर अपराध समजला पाहिजे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले, ही घटना ताजी आहे. विष वावरात जसे मारते तसे घरातही मारते. त्यासाठी कुलूपबंद लहान कपाट, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर, धान्यापासून व राहत्या घरापासून दूर असावे. बियाणेही तणनाशकाजवळ ठेवू नये. कुटार व कापूस यांपासून विजेची तार व चूल लांब असावी.

निर्णयाचे सूत्र

या विवेचनातून पुढील सूत्र निघते.

१. केवळ घरच्या धान्याचा प्रश्न असेल, तर धातूची कोठी विकत घ्यावी, बांधकाम करू नये.

२. अवजारे व पंप यांच्यासाठी जागा हवी असेल, तर नीट जखडलेले तयार शेड पुरेसे आहे. त्यात बियाणे ठेवू नये.

३. विक्रीचा माल ५० क्विंटलच्या आसपास असेल, तर गोदाम व तारण कर्ज यांचा विचार आधी करावा.

४. माल याहून बराच अधिक असेल, जागा स्वतःच्या निर्वेध मालकीची असेल व खोलीचा उपयोग वर्षभर होणार असेल, तरच पक्के बांधकाम करावे. आणि मग पायात काटकसर करू नये.

५. आठ-दहा शेतकरी एकत्र येऊ शकत असतील, तर दहा परसांत दहा अपुरी कोठारे उभारण्यापेक्षा एक चांगले कोठार उभारावे.

हा निर्णय घरातील स्त्रियांना विचारून घ्यावा, हेही सांगणे आवश्यक आहे. धान्य वाळवणे, निवडणे, कोठी उघडून पाहणे हे काम प्रायः त्याच करतात. कोठीचे तोंड किती उंचीवर असावे, दार घरातून दिसावे की मागे, हे त्यांच्याइतके कोणी जाणत नाही.

ग्रामपंचायत आणि शाळा यांचे कार्य

ग्रामसभेत साठवणीचा विषय एकदा तरी घ्यावा. गावात किती माल येतो, त्यापैकी किती राखला जातो, जवळचे नोंदणीकृत गोदाम कोठे आहे, बाजार समितीत तारण कर्ज मिळते काय, याची माहिती फलकावर लावावी. ग्रामपंचायतीने एक ओलावामापक यंत्र घेऊन ते सुगीत सर्वांस वापरण्यास दिल्यास लहान खर्चात मोठे काम होईल. कृषी सहायक व अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे तज्ज्ञ यांचे मार्गदर्शन त्यासाठी घ्यावे.

शिक्षकांनाही येथे मोठा वाव आहे. विद्यार्थ्यांनी आपल्या घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटावर मांडून उगवण मोजावी. सत्तर किंवा अधिक दाणे उगवले, तर बियाणे पेरणीयोग्य. हा प्रयोग वैशाखात झाला, तर मृगाच्या आधी घरच्यांना सावध होता येते. मीठ-बाटलीची परीक्षा, पोत्यांच्या थप्पीचे क्षेत्रफळ आणि क्विंटलमागील खर्चाचे गणित हे विज्ञानाचे व अंकगणिताचे जिवंत धडे आहेत.

वऱ्हाडच्या शेतकऱ्याने पीक घेण्यात कसूर केलेली नाही. हाती आलेले पीक राखण्याची विद्या मात्र पुन्हा शिकावी लागेल. जुन्या लोकांनी पेवासाठी आधी माती पाहिली, मग खोदले. आपणही आधी माल, माती व हिशेब पाहावा आणि मगच कुदळ उचलावी किंवा दुकानाची पायरी चढावी.